भाऊबीज : भेटवस्तूची की भेटीची?

(दिवाळीपूर्वी झालेल्या एका कुटुंब मेळाव्यात निवृत्त बालवाडी शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



‘लहान मुलांसमवेत भाऊबीज’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मी तो आनंदाने स्वीकारला. ३२ वर्षे मी बालवाडीत शिकविले. तीन ते सहा या वयाची मुले हेच माझे विद्यापीठ. शिवाय भाऊबीज हा घरोघरचा सण. त्यावर बोलणे ते काय अवघड, असे वाटले. परंतु मुद्दे लिहावयास बसले आणि लेखणी अडली. भावाबहिणीच्या प्रेमावर चार शब्द बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का, असा प्रश्न मला पडला. तो का पडला, हे मी शेवटी सांगणार आहे. आधी एक लहानसा प्रसंग सांगते.

२०१४ ची भाऊबीज. माझी नात तेव्हा पाच वर्षांची होती आणि नातू तीन वर्षांचा. पाट मांडला, रांगोळी काढली, नातवाला नवा सदरा घालून पाटावर बसविले. नातीने आईच्या मदतीने त्याला ओवाळले. मग ओवाळणीची वेळ आली. माझ्या मुलाने पत्नीच्या पर्समधून शंभराची नोट काढून नातवाच्या मुठीत दिली आणि म्हणाला, “घाल ताईच्या ताटात.” नातवाला ती नोट आवडली होती, तो ती सोडीना. दोघांनी मिळून त्याची मूठ उघडली, नोट ताटात पडली. नातवाने भोकाड पसरले. सुनेने नोट उचलून पर्समध्ये ठेवली. छायाचित्र काढून झाले. नात क्षणभर रिकाम्या ताटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “झालं? एवढंच?”

मी त्या नोटेचा विचार करीत राहिले. पर्समधून निघालेली नोट तीन हातांतून फिरून पर्समध्येच परत गेली होती. भावाने काही दिले नव्हते, बहिणीला काही मिळाले नव्हते. विधी मात्र पूर्ण झाला होता. पोराने जे शिकायचे ते शिकले : भाऊबीज म्हणजे आवडलेली वस्तू मोठ्यांनी हिसकावून घेण्याचा दिवस!

आपल्याकडे असे होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आपली गेल्या वर्षीची भाऊबीज जरा आठवावी.

यमुनेने काय मागितले?

मराठीत ‘भेट’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. भेट म्हणजे देण्याची वस्तू आणि भेट म्हणजे दोन माणसांचे एकत्र येणे. एकाच शब्दात आपल्या पूर्वजांनी दोन्ही अर्थ नांदविले. वस्तू हे येण्याचे निमित्त, आणि येणे हीच खरी वस्तू. आज आपण पहिला अर्थ जपला आणि दुसरा हळूहळू विसरत चाललो, हेच मला आज सांगावयाचे आहे.

कार्तिक शुद्ध द्वितीया, अर्थात यमद्वितीया. या दिवसाची कथा आपण सर्व जाणतो. यम आणि यमुना ही सूर्याची मुले, भावंडे. यमाला कामातून सवड नाही. यमुना त्याला जेवावयास बोलाविते. तो येत नाही. ती पुन्हा बोलाविते, पुन्हा येत नाही. ती बोलवीतच राहते. अखेर एके दिवशी, कार्तिकातल्या द्वितीयेला, तो तिच्या दारी येतो. ती त्याला स्नान घालते, ओवाळते, आपल्या हाताने रांधून जेवू घालते. संतुष्ट झालेला यम म्हणतो, “माग, काय हवे ते माग.”

आता विचार करा. ज्याच्या हाती साऱ्या जगाचे आयुष्य, तो विचारतो आहे. यमुनेने धन मागितले नाही, राज्य मागितले नाही. ती म्हणाली, दर वर्षी या दिवशी माझ्या घरी येत जा. आणि या दिवशी जो भाऊ बहिणीच्या हातचे जेवेल, त्याला तुझे भय नसो. म्हणजे तिने मागितली ती भेट, येण्याच्या अर्थाने. म्हणूनच या दिवशी पुरुषाने स्वतःच्या घरी न जेवता बहिणीच्या हातचे जेवावे, असे आपल्या धर्मग्रंथांनी सांगितले. नेपाळात सात रंगांचा टिळा लावून भाईटीका होते, बंगालात चंदनाचा टिळा लावून भाईफोंटा होतो, उत्तरेत भाईदूज. रीती वेगळ्या, पण मूळ कथा हीच आणि बहिणीने भावाला आपल्यापाशी बसवून गोड भरवणे सर्वत्र आहे.

मुलांना ही कथा अवश्य सांगावी. काही मातांना वाटते, की मृत्यूच्या देवतेची गोष्ट लहान मुलांना कशी सांगावी? माझा अनुभव असा, की तीन-चार वर्षांच्या मुलाला यम म्हणजे ‘खूप खूप काम असलेला भाऊ’ एवढे पुरते. त्याच्या घरातही असा एखादा माणूस असतोच! पाच-सहा वर्षांचे मूल स्वतःहून विचारते, “यम म्हणजे माणसांना न्यायला येतो तोच ना?” तेव्हा ‘हो’ म्हणावे, टाळू नये. एकदा एका चिमुरडीने मला विचारले होते, “बाई, मग त्याला सगळे घाबरतात, पण त्याची बहीण घाबरत नाही?” मी म्हटले, “नाही, ती त्याला जेवायला वाढते.” तिचे समाधान झाले. आजवर या कथेचे याहून चांगले सार मला सापडलेले नाही.

इवल्या हातांना काम द्या

आता प्रत्यक्ष काय करावे, याकडे वळते. लहान मुलाला प्रेम हा शब्द कळत नाही, कृती कळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले, पुढे ते कोसबाडला नेले. शंखशिंपले, बिया, खडे, पाने अशी भोवतालची साधी साधने त्यांनी मुलांच्या हाती दिली. मूल हाताने शिकते, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. मग सणच तेवढा मुलाने पाटावर मुकाट बसून का शिकावा?

नोटेच्या त्या प्रसंगानंतर आम्ही घरात ठरविले, की पुढच्या वर्षी भाऊबिजेची तयारी आठ दिवस आधी सुरू करावयाची आणि ती मुलांनीच करावयाची.

पहिले काम अक्षतांचे. अक्षत म्हणजे न तुटलेला. वाटीभर तांदूळ ताटात पसरावे आणि मुलांना सांगावे, की अखंड दाणे एकीकडे करा, तुकडे दुसरीकडे. चार वर्षांचे मूलही हे काम दहा-पंधरा मिनिटे तन्मयतेने करते. ‘तुटलेला का चालत नाही?’ असा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर प्रत्येक आजीने आपल्या परीने द्यावे. ज्या मुलीने स्वतः निवडलेले दाणे भावाच्या कपाळी लावले, तिला औक्षण वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरे काम दिव्यांचे. कणकेचे दिवे मुलांकडून करवून घ्यावेत. वाकडेतिकडे होतील, होऊ द्यावेत. औक्षणाचे ताट लहान व हलके असावे, निरांजनात तूप बेताचे घालावे आणि ताटाखाली मोठ्या माणसाचा हात असावा. परकर-पोलक्यांचे आणि झग्यांचे कापड आज बहुधा कृत्रिम धाग्याचे असते व ज्योतीजवळ धोक्याचे ठरू शकते. म्हणून सैल ओढणी बांधून घ्यावी, केस बांधावेत. छायाचित्राच्या नादात आईचे लक्ष ज्योतीवरून हटू नये.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम ओवाळणीचे. लहान मुलाने नोट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे त्याचे नाही ते त्याला देता येत नाही. मग त्याचे काय आहे? त्याच्या गोट्या आहेत, शिंपले आहेत, रंगीत खडू आहेत. झोक्यावर पहिली पाळी आहे. आईच्या कुशीत झोपण्याची जागा आहे. त्यातले काय द्यायचे, ते त्याने ठरवावे. माझ्या नातवाने त्या वर्षी आपल्या डब्यातला सर्वांत मोठा शिंपला ताईला दिला. देताना त्याचा चेहरा रडवेला झाला होता, पण मूठ कोणी उघडावी लागली नाही. “हे काय दिलेस रे?” असे माझ्या मुलाच्या तोंडून निघणारच होते, मी खुणेनेच थांबविले. मोठ्यांच्या एका हसण्याने मुलाचे देणे क्षणात क्षुद्र होऊन जाते. तो शिंपला नातीच्या कप्प्यात आजही आहे. त्या वर्षीचे कपडे आणि खेळणी कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही.

‘मीच का ओवाळायचे?’

घरात चुणचुणीत मुलगी असेल, तर सहाव्या-सातव्या वर्षी हा प्रश्न येतो : “मीच का याला ओवाळायचे? याने मला का नाही?” अनेक घरांत या प्रश्नावर “असेच असते” म्हणून पडदा पाडला जातो. मला ते उचित वाटत नाही. मुलीच्या मनातील न्यायाची जाणीव ही उद्धटपणाची खूण नव्हे. ती जागृत बुद्धीची खूण आहे.

औक्ष म्हणजे आयुष्य. ‘औक्षवंत हो’ हा आपला आशीर्वाद मुलाला आहे तसा मुलीलाही आहे. वाढदिवशी आपण मुलीलाही ओवाळतो. मग भाऊबिजेला बहिणीने ओवाळल्यावर भावाने उठून तिला पाटावर बसवावे, आपल्या हाताने तिच्या कपाळी कुंकू लावावे आणि तिलाही औक्ष चिंतावे, यात परंपरेचे काय बिघडले? आमच्या घरी हे गेली अनेक वर्षे चालू आहे. मूळ विधी तसाच आहे, त्यात एक पाट वाढला आहे इतकेच. ज्या मुलाने लहानपणी बहिणीसाठी पाट मांडला, तो मोठेपणी तिच्यासाठी घरात जागा ठेवील, अशी मी आशा बाळगते.

ज्याला भावंड नाही त्याचे काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजननदर १.७ इतका नोंदला गेला. साध्या भाषेत सांगावयाचे, तर सरासरीने एका स्त्रीमागे दोन मुलेही नाहीत. एकुलते एक मूल असलेली घरे आपल्या प्रत्येकाच्या माहितीत आहेत. त्या मुलाला पुढे मूल होईल, तेव्हा त्या बाळाला सख्खी आत्या किंवा काका, मामा किंवा मावशी नसेल. शब्द भाषेत राहतील, माणसे घरात नसतील. हे कोणाला दोष देण्यासाठी मी सांगत नाही. प्रत्येक घराची आपली कारणे असतात. पण भाऊबिजेच्या सकाळी शेजारच्या घरातून हसण्याचे आवाज येत असताना एकटे बसलेले मूल मी पाहिले आहे, म्हणून सांगते.

आपल्या परंपरेने याचा विचार फार पूर्वी केला आहे. जिला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. द्वितीयेची चंद्रकोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते आणि मावळते. म्हणून मुलीला वेळेवर गच्चीत न्यावे लागते, कोर शोधावी लागते. ढग असतील तर वाट पाहावी लागते. हा शोध मुलांना फार आवडतो. आईचा भाऊ म्हणून तर आपल्या बाळांचा चांदोबा हा मामा! परंतु केवळ चंद्रावर थांबू नये. चुलत, आते, मामे, मावस भावंडांना बोलवावे. शेजारचा एकुलता मुलगा आणि आपली एकुलती मुलगी यांना एकमेकांसमोर बसवावे. दोन बहिणी असतील तर त्यांनी एकमेकींना ओवाळावे, दोन भाऊ असतील तर त्यांनीही.

या निमित्ताने एक गोष्ट सांगते. कदाचित काहींना ती येथे अनपेक्षित वाटेल. १४ फेब्रुवारीच्या दिवसावर आपल्याकडे दर वर्षी बोलले जाते, लिहिले जाते. गेल्या शतकाच्या अखेरीस दूरचित्रवाहिन्या आणि शुभेच्छापत्रांची दुकाने यांच्यासवे तो आपल्या शहरांत आला आणि आज बालवर्गातील मुलेही कागदाची लाल हृदये घेऊन घरी येतात. त्यामागचा बाजार मला दिसतो, आणि पाच वर्षांच्या मुलाला ‘तुझी कोण गं?’ असे चिडविणारे मोठे तर मला मुळीच आवडत नाहीत. परंतु अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीने मला सांगितले, की तेथील अनेक प्राथमिक शाळांत एक नियम असतो : शुभेच्छापत्रे आणायची असतील, तर ती वर्गातील प्रत्येक मुलासाठी आणावयाची. कोणाचीही पिशवी रिकामी राहता कामा नये. मला हे मनापासून पटले. चांगले जेथे दिसेल तेथून घ्यावे. आपल्या भाऊबिजेलाही हाच प्रश्न विचारावा : आपल्या वाड्यात, आपल्या इमारतीत आज कोणाचे ताट रिकामे आहे?

उंबरठ्याबाहेरची भाऊबीज

भाऊबीज घराच्या उंबरठ्याबाहेर नेण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवा भगिनींसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. या संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा करण्याची प्रथा पडली आणि असंख्य मराठी कुटुंबांनी कधी न पाहिलेल्या बहिणींच्या शिक्षणासाठी आपली ओवाळणी पाठविली. ज्या काळात विधवेच्या कपाळी समाजाने केवळ उपेक्षा लिहिली होती, त्या काळात समाजानेच तिचा भाऊ व्हावे, ही केवढी मोठी कल्पना!

मुलांना यात सहभागी करून घ्यावे, पण सावधपणे. आपण अनेकदा वस्तीवर, वसतिगृहात, रुग्णालयात जाऊन भाऊबीज करतो. उपक्रम चांगलाच आहे. मीही त्यात जात असते. परंतु तासाभरात पन्नास जणांना ओवाळून, छायाचित्र काढून आपण परततो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला आठवत नाही. मुलांच्या ते लक्षात येते. मूल मोठ्यांच्या भाषणापेक्षा मोठ्यांच्या विसरण्यातून अधिक शिकते.

आमच्या इमारतीच्या रखवालदाराची बहीण बिहारमध्ये, शेकडो कोसांवर. त्याला दिवाळीत सुट्टी नसे. दर वर्षी आम्ही त्याला फराळाचा पुडा खाली नेऊन देत असू. एका वर्षी नातीनेच विचारले, “ते काका आपल्याकडे जेवायला का येत नाहीत? पुडा घेऊन ते कुठे बसून खातात?” मला उत्तर सुचेना. त्या वर्षी तो वर आला. संकोचाने दारातच थबकला, चपला कुठे काढाव्यात हे त्याला कळेना. मग पाटावर बसला, जेवला आणि जेवताना आपल्या बहिणीच्या हातच्या पदार्थांविषयी बोलू लागला. चार वर्षे रोज दिसणाऱ्या या माणसाला बहीण आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. पुडा ही वस्तू होती. भेट त्या दिवशी झाली.

हक्क आणि माया

आता आरंभी राखून ठेवलेली गोष्ट.

माझे वडील २००६ साली गेले. गावी आमचा जुना वाडा. मला एकच भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर घेऊन वाढविले, असे म्हणण्याइतकी मी मोठी नव्हते; आम्ही एकत्र वाढलो, एकाच ताटात जेवलो. वडिलांच्या पश्चात पहिल्याच दिवाळीत त्याने एका माणसाबरोबर माझ्याकडे साडी पाठविली आणि साडीसोबत हक्कसोडपत्राचे कागद. स्वतः आला नाही. तो समोर बसून बोलला असता, तर मी त्याच क्षणी सही केली असती, कदाचित. पण कागद आले आणि भाऊ आला नाही, हे माझ्या जिव्हारी लागले. मी साडी आणि कागद दोन्ही परत पाठविले. दूरध्वनीवर जे शब्द झाले, ते या व्यासपीठावर उच्चारण्याजोगे नाहीत. त्यातले अधिक शब्द माझे होते.

त्यानंतर नऊ वर्षे आम्ही बोललो नाही. मात्र दर भाऊबिजेला त्याची १०१ रुपयांची मनीऑर्डर येई. मी सही करून ती घेई आणि पैसे एका डब्यात ठेवून देई. खर्च केले नाहीत, परतही केले नाहीत. वस्तू येत होती, माणूस येत नव्हता.

२०१५ च्या भाऊबिजेच्या आधी, मघाशी सांगितलेल्या त्या तयारीत, नातीने एक मोठा कागद घेतला. कोण कोणाकडे जाणार याचे तिने चित्र काढले. मामा आईकडे येणार, म्हणून एक रेघ. बाबा आत्याकडे जाणार, म्हणून दुसरी रेघ. ती स्वतः आणि भाऊ, तिसरी. मग माझ्या चित्रापाशी ती थांबली. “आजी, तुझा भाऊ देवाघरी गेला का?”

मी म्हटले, “नाही गं, आहे.”

“मग येत का नाही?”

मी म्हटले, “त्याला काम असते.”

तिचा चेहरा उजळला. “म्हणजे यमासारखे! मग तू बोलाव ना त्याला. यमुना बोलवायची तशी, पुन्हा पुन्हा.”

भगिनींनो, ती कथा मी तिला शिकविली होती. बत्तीस वर्षांत शेकडो मुलांना शिकविली होती. यमुनेने पुन्हा पुन्हा बोलाविले, हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेन! पण नऊ वर्षांत मी माझ्या भावाला एकदाही बोलाविले नव्हते.

त्या रात्री मी दूरध्वनी केला. वहिनींनी उचलला आणि बराच वेळ दोघीही गप्प राहिलो. मग तो आला. मी एवढेच म्हटले, “भाऊबिजेला जेवायला ये.” तो म्हणाला, “बघतो.” मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. “बघतो” याहून अधिक तो काही बोलला नाही. भाऊबिजेच्या दिवशी दुपारी एकपर्यंत पाने खोळंबली. मुले जेवली. चंद्रकोर दिसून मावळली. रात्री आठच्या सुमारास दार वाजले. तो रिकाम्या हाताने उभा होता. म्हणाला, “काही आणता आलं नाही. बसस्थानकावर दोन वेळा परत फिरलो होतो.” नातीने त्याचा हात धरून त्याला पाटावर बसविले आणि तिने निवडलेल्या अक्षतांची वाटी माझ्यासमोर धरली.

वाड्याचा प्रश्न त्या रात्री सुटला नाही. आम्ही तो काढलाही नाही. पुढे तीन वर्षांनी, समोरासमोर बसून, कायद्याप्रमाणे वाटणी झाली. मी हक्क सोडला नाही, आणि त्याने मला सोडले नाही. १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसा दिला, २००५ च्या सुधारणेने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. बहीण तो मागते म्हणजे माया तोडते, असे समजणे अन्यायाचे आहे. आणि कोणी स्वखुशीने तो सोडीत असेल, तर तिच्या उदारपणाची किंमत एका साडीत करणे त्याहून अन्यायाचे. बंधूंनो, आपल्याला हात जोडून एवढेच सांगते : कागद पाठवायचे असतील तर अन्य दिवशी पाठवा, आणि कागदाच्या आधी स्वतः जा. साडीच्या घडीत हक्कसोडपत्र ठेवू नका. घरातील लहान मुले ती घडी उघडताना पाहत असतात.

या वर्षीही मुले लाडू करतील, दिवे लावतील, चंद्र शोधतील. त्यांना आपण गोष्ट सांगू. पण मुलांनी तयार केलेल्या त्या चित्रात आपल्या नावापासून निघणारी रेघ कुठे जाते, हे आधी आपण पाहावे. कोठे ती तुटली असेल, तर अजून काही दिवस हाती आहेत. दूर परदेशी असलेल्या भावंडाला चित्रफितीवरून ओवाळावे लागले तर ओवाळावे, पण घाईने नव्हे. ताट त्याच्यासमोर ठेवून दोन घटका त्याचे ऐकावे. पैसे क्षणात पोहोचतात. माणसाला पोहोचावयास वेळ लागतो, आणि तो वेळ हीच ओवाळणी.

माझ्या भावाची प्रकृती आता पूर्वीसारखी नाही. गेली दोन वर्षे त्याला प्रवास झेपत नाही, म्हणून मीच त्याच्याकडे जाते. प्रथेप्रमाणे भावाने बहिणीकडे यावयाचे असते, हे मला ठाऊक आहे. यमुनेला ते चालेल, असे वाटते. डब्यातल्या त्या नऊ मनीऑर्डरींच्या ९०९ रुपयांना मी अजून हात लावलेला नाही. नात म्हणते, “आजी, ते आता खर्च कर.” या वर्षी त्यांचे बसचे तिकीट काढणार आहे.